सुरगाठ

असोळण्याच्या तिठ्यावर माझं दुकान.
गणवेश, पिको-फॉल, जुन्या मापावरून नवं माप.
तिथे रुझार तारवटी शीड घेऊन आला
गादीसारखं गुंडाळून, खांद्यावर.
म्हणाला, खालून दोन हातांवर एक ओळ डोळे पाड,
आणि प्रत्येक डोळ्याला दोन्ही अंगांनी नाडी.

शिडाला नाड्या? परकर आहे का हा?
तो हसला नाही.
बत्तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस.
"वारा वाढला की कापड कमी करायला," म्हणाला.

तीन सुया मोडल्या. चौथी पोत्याची घेतली.
शिलाई लावली चारशे, त्यानं मोजून दिली,
वर म्हणाला, रविवारी बेतूलला ये.
शिवलंस ते काय, ते पाहायला नको?

धक्क्याला होडी उघडीबोडकी.
डोलकाठी उभी करून त्यानं तीन तारा ताणल्या,
एकेकीला टिचकी मारून कान दिला,
मी बॉबिनच्या दोऱ्याला देते तसा.
मग शिडाची कड काठीच्या खाचेतून
बोट-बोट वर सरकवली, नेफ्यात नाडी ओवावी तशी.
खालच्या आडव्या दांड्याला तो बूम म्हणायचा.
मी म्हटलं, आडकाठी.
दोनदा माझ्या डोक्यात बसल्यावर
तोही आडकाठी म्हणू लागला.

सुकती लागली होती. साळ नदीच आम्हाला बाहेर ढकलत होती,
उजवीकडे मोबोरची वाळू.
दोनच्या सुमारास समोरून
पाण्यावर एक काळा पट्टा सरकत आला.
वारा एकीकडून, नदी दुसरीकडून,
मध्ये पाणी चुरगळलेलं.
होडी कलली. माझी एक चप्पल
डाव्या कडेवरून निघून गेली, न विचारता.

"आता," रुझार म्हणाला. ओरडला नाही.
दामण सोडली.
फडफडणारं शीड जवळून ऐकलं नसेल तर सांगते,
दहा बायका एकदम ओली चादर झटकतात.
चढवायचा दोर सैल, शीड दोन हात खाली,
पुढचा डोळा आकड्यात,
मागचा खेच, खेच, आडकाठीला टेकेपर्यंत —
मी मधल्या नाड्यांना हात घातलाच होता.

"राव! आधी कोपरे.
ताण कोपऱ्यांनी घ्यायचा.
मधल्या नाड्यांनी उरलेलं कापड सांभाळायचं, बस.
त्यांच्यावर ओढ आली तर तुझी शिलाई गेली."

घरात मी कोपरा होते की मधली नाडी,
हा विचार करायला तिथे वेळ नव्हता.

पहिली बांधली ती निरगाठ. हाताची सवय.
"राहू दे ती. पुढच्या सुरगाठी मार.
वारा पडला की एका ओढीत सुटल्या पाहिजेत,
काळोखात, भिजल्या बोटांनी."

दर जूनला मी फ्रॉकच्या घेरात चार बोटं दाबून ठेवते.
पोर उंचावली की आई येते, उसवून दे म्हणते.
इतकी वर्षं दुमडत आले ते वाढीसाठी.
कमी होण्यासाठी दुमडलेलं
हे पहिलंच.

आणि होडी उठली.
कमी शिडावर, सरळ पाठीनं,
घाई नसलेल्या बाईसारखी चालू लागली.
सात नाड्या एका रांगेत,
पोटाशी उरलेलं कापड धरून.
रुझारनं विडी काढली, पेटली नाही, परत खिशात ठेवली.

परतताना दीपगृहाच्या खाली वारा पडला.
मी एकेक टोक ओढत गेले.
सहा सुटल्या, फुलं गळावी तशा, आवाज न करता.
पहिली सुटेना.
शेवटी दातांनी सोडवली. खारट लागली.
तिच्या डोळ्याभोवतीचा काज जरासा ओढला होता.

शीड सोमवारी दुकानात आण, म्हटलं.
पैसे नाहीत त्याचे.
आणि चप्पल सापडली तर तीही.